मार्कशीटवरचे स्वामीजी

तुमच्या मार्कशीटवर सगळ्यात वर ज्यांचं नाव छापलेलं असतं, त्यांना आपण घाईत ‘स्वारातीम’ करून टाकलंय. स्वामी रामानंद तीर्थ. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म ३ ऑक्टोबर १९०३. आधी कामगार नेते ना. म. जोशींबरोबर काम, मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तरकी. संन्यास घेतला, पण हिमालयात गेले नाहीत. १९३८ मध्ये निजामाविरुद्ध सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले.

१५ ऑगस्ट १९४७ ला देशभर तिरंगा फडकत होता, तेव्हा आपल्याकडे तो गुन्हा होता. स्वामीजींना त्याच दिवशी अटक झाली. आपल्या वाट्याला तिरंगा आला तो तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला.

पुढे ते खासदारही झाले. पण मला त्यांचं १९६७ चं काम जास्त मोठं वाटतं. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या पुढाकाराने मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती उभी राहिली. खादी म्हणजे गावातल्या हाताला काम, एवढा साधा हिशोब. २२ जानेवारी १९७२ ला स्वामीजी गेले. माग चालू राहिले. आज तिरंग्याचं कापड उदगीरला हातमागावर विणलं जातं, अहमदाबादेत त्यावर प्रक्रिया होते आणि झेंडा शिवला जातो आपल्या नांदेडात!

२०२१ च्या अखेरीस नियम बदलला, पॉलिस्टरचे मशीनवरचे झेंडेही चालू लागले. स्वस्त पडतात. तुमच्या कॉलेजवर कुठला चढतो, एकदा शिपाईमामांना विचारून बघा.