गोदूताई आणि लग्नाचं कर्ज

लग्नासाठी कर्ज काढणं आपल्याला काही नवीन नाही. मांडव, जेवणावळ, मानपान यात वर्षाची कमाई जाते आणि पुढची दोन-तीन वर्षं हप्ते फेडण्यात जातात. पण लग्नाच्या थोड्याशा पैशांपायी नवरा आणि त्याच्यामागून आलेली नवी नवरी, दोघंही जन्मभर सावकाराच्या घरी राबताहेत, अशी कल्पना करून पाहा. हे दूर कुठे नव्हे, आपल्याच पालघर जिल्ह्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत घडत होतं. आपल्या आजीच्या काळात. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. तो मेला तरी कर्ज मरत नसे, ते मुलाच्या डोक्यावर बसे. हे लग्नगडी ज्यांनी सोडवले त्या गोदावरी परुळेकर, म्हणजे वारल्यांच्या गोदूताई किंवा गोदाराणी.

आमचं नवापूर समुद्रकाठचं. इथे मासळीचा भाव आणि तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी यावर बायका तासन्‌तास बोलतील, पण जंगलपट्टीत काय घडलं ते थोड्यांनाच ठाऊक असतं. बचत गटाच्या कामाने मी पाड्यांवर जाऊ लागले, तेव्हा म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी हे नाव आलं. त्या ते घरातल्या कुणा थोरल्या बहिणीसारखं घेतात.

ताई मूळच्या पुण्याच्या, माहेरच्या गोखले. जन्म 14 ऑगस्ट 1907 चा. वडील वकील, घरात सुबत्ता. फर्ग्युसनमध्ये शिकल्या, मग कायद्याची पदवी घेतली. त्या वेळी वकिलीची पदवी घेतलेली बाई म्हणजे बोटावर मोजण्यातली गोष्ट. सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, ते वडिलांना रुचलं नाही, म्हणून घर सोडून मुंबई गाठली. भारत सेवक समाजात आजीव सभासद झालेल्या त्या पहिल्या स्त्री. साक्षरतेचं काम केलं आणि मुंबईतल्या घरगड्यांची संघटना बांधली. दुसऱ्यांच्या घरी भांडी घासणाऱ्यांनाही सुट्टी आणि रजा हवी, हा विचार त्यांनी 1938-39 च्या सुमारास मांडला. आपण अजून मोलकरणीच्या खाड्यावरून कुरकुरतो, ही वेगळी गोष्ट.

1939 साली शामराव परुळेकरांशी लग्न झालं. दोघंही कम्युनिस्ट झाले, युद्धविरोधी चळवळीत तुरुंगात गेले आणि सुटल्यावर किसान सभेच्या कामाला लागले. मी कोणत्याही झेंड्याची नाही, पण हे काम झेंड्याच्या रंगावरून मोजू नये असं मला वाटतं.

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे उंबरगाव तालुक्यातले काही वारली आले होते, त्यांत झरी गावचे माह्या धांगडा होते. त्यांच्याकडून वेठीची हकिगत कळली आणि ताई-शामराव त्या भागात गेले.

वेठ म्हणजे काय, तर जमीनदाराचं बोलावणं आलं की स्वतःचं शेत टाकून त्याच्या शेतावर फुकट राबायचं. नाही गेलं तर मार. बायकांची तर विटंबनाही व्हायची, त्याबद्दल जास्त लिहवत नाही. हे लोक एके काळी त्याच जमिनी कसणारे. इंग्रजी अमलात जमिनीचे कागद झाले. ज्याला वाचता येत होतं त्याच्या नावावर जमीन गेली आणि ज्याचा घाम तिच्यात होता तो कूळ झाला. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खावटी घ्यायची, सुगीला ती वाढीव मापाने फेडायची, आणि मग पुन्हा घरात दाणा नाही. या रिंगणातून सुटायचं कसं? हिशेब सावकाराच्या वहीत, आणि ती वाचता येणारा पाड्यावर कुणी नाही.

23 मे 1945 ला झरीला परिषद झाली. हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, फुकट राबायचं नाही आणि रोजी बारा आणे घ्यायची, असं तिथे ठरलं. मग माणसं घोळक्याने जमीनदारांच्या दारात जाऊन लग्नगड्यांना बाहेर काढू लागली. पिढ्यान्‌पिढ्यांची गुलामी काही आठवड्यांत मोडली. सरकारला वेठबिगारीविरुद्धचा देशभराचा कायदा करायला 1976 उजाडलं, हे लक्षात घ्या. आणि आजही पावसाळा सरला की लग्नासाठी किंवा आजारपणासाठी घेतलेली उचल फेडायला पाड्यांवरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात. पोरं शाळेतून उठतात ती बहुधा परत बसत नाहीत. बचत गटातून पाच-दहा हजार वेळेवर मिळाले, तर एखादं घर तरी थांबतं, हे मी स्वतः पाहिलंय.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर प्रश्न आला गवताचा. या भागातलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं, व्यापाऱ्यांना त्यात मोठा फायदा. पाचशे रतल गवत कापायला अडीच रुपये द्या, अशी मागणी करून मजूर संपावर गेले. गवत वाळायच्या आत कापलं नाही तर व्यापारी बुडणार, म्हणून ते हवालदिल झाले. ताईंवर हल्ला होणार अशी अफवा उठली आणि ऑक्टोबरच्या 10 तारखेला लोक लाठ्याकाठ्या घेऊन तलवाड्याला जमले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार केलं, पण संप मोडला नाही.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या बाईने ते जगणं कसं स्वीकारलं याचं. डोंगर चढत मैलोन्‌मैल पायपीट, झोपडीत मुक्काम, नाचणीची भाकरी. हे सगळं त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलंय. 1970 चं पुस्तक, त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ग्रंथालयातून जरूर आणा. भाषा अगदी साधी आहे, सासूबाईंनाही वाचून दाखवता येईल.

पुढचं आयुष्यही सोपं नव्हतं. शामराव 1957 ला ठाण्यातून खासदार झाले, पण ऑगस्ट 1965 मध्ये आर्थर रोड तुरुंगातच वारले. तेव्हा ताईही कैदेत होत्या. मूलबाळ नव्हतं. सुटल्यावर त्या पुण्याला परतल्या नाहीत, याच माणसांत राहिल्या. 1986 मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावर आलेल्या पहिल्या बाई.

8 ऑक्टोबर 1996 ला त्या गेल्या. तलवाड्याच्या गोळीबाराला 51 वर्षं पुरी व्हायला दोन दिवस बाकी होते.