ब्रायन क्लफ

ब्रायन हॉवर्ड क्लफ (२१ मार्च, १९३५: मिडल्सब्रो, इंग्लंड - २० सप्टेंबर, २००४: डर्बी, इंग्लंड) हे इंग्लिश फुटबॉल खेळाडू आणि व्यवस्थापक होते. दुखापतीमुळे खेळ सोडावा लागल्यानंतर ते व्यवस्थापनाकडे वळले. त्यांच्या कार्यकाळात नॉटिंगहॅम फॉरेस्टने सलग दोन वेळा युरोपियन चषक जिंकला.

खेळाडू म्हणून कारकीर्द

क्लफ आघाडीचे खेळाडू होते. मिडल्सब्रो आणि संडरलँड या क्लबांकडून त्यांनी २७४ लीग सामन्यांत २५१ गोल केले. १९५९मध्ये ते इंग्लंडकडून दोन सामने खेळले. २६ डिसेंबर, १९६२ रोजी बरी क्लबविरुद्धच्या सामन्यात गोलरक्षकाशी टक्कर होऊन त्यांच्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. सुमारे पावणेदोन वर्षांनी ते मैदानावर परतले. परंतु तीन सामन्यांनंतर त्यांना निवृत्त व्हावे लागले. त्यानंतर काही काळ त्यांनी संडरलँडच्या युवा संघाला प्रशिक्षण दिले.

व्यवस्थापनातील प्रवेश

ऑक्टोबर १९६५मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, क्लफ चौथ्या विभागातील हार्टलपूल्स युनायटेडचे व्यवस्थापक झाले. मिडल्सब्रोमधील त्यांचे सहकारी गोलरक्षक पीटर टेलर यांना त्यांनी साहाय्यक म्हणून घेतले. खेळाडूंची पारख टेलर करीत, तर संघाला शिस्त लावून त्याच्याकडून खेळ करवून घेण्याचे काम क्लफ यांचे असे. क्लबची आर्थिक स्थिती बिकट असल्याने क्लफ स्वतः गावोगावी फिरून निधी जमवीत. १९६६-६७च्या हंगामात एरवी तळाशी राहणारा हा संघ आठव्या क्रमांकावर आला. क्लफ यांनी येथेच सोळा वर्षांच्या जॉन मॅकगव्हर्न यांना संधी दिली. मॅकगव्हर्न पुढे त्यांच्याबरोबर आणखी तीन क्लबांत खेळले.

डर्बी आणि लीड्स

१९६७मध्ये दोघे डर्बी काउंटीत गेले. द्वितीय विभागातील हा संघ १९६९मध्ये प्रथम विभागात पोचला आणि १९७२मध्ये लीग विजेता ठरला. संचालकांशी झालेल्या मतभेदांमुळे दोघांनी १९७३मध्ये राजीनामे दिले. त्यानंतर काही महिने त्यांनी ब्रायटन क्लबमध्ये काम केले. १९७४मध्ये क्लफ एकटेच लीड्स युनायटेडमध्ये गेले. या संघावर त्यांनी पूर्वी उघड टीका केली होती. तेथील खेळाडूंशी त्यांचे जमले नाही आणि अवघ्या ४४ दिवसांत त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

नॉटिंगहॅम फॉरेस्ट

जानेवारी १९७५मध्ये क्लफ द्वितीय विभागातील नॉटिंगहॅम फॉरेस्टचे व्यवस्थापक झाले. १९७६मध्ये टेलर पुन्हा त्यांच्यासोबत आले. १९७७मध्ये प्रथम विभागात बढती मिळालेल्या या संघाने पुढच्याच वर्षी लीग विजेतेपद मिळवले. नोव्हेंबर १९७७ ते नोव्हेंबर १९७८ या काळात फॉरेस्ट सलग ४२ लीग सामने अपराजित राहिला. १९७९मध्ये माल्मो आणि १९८०मध्ये हांबुर्ग संघाला १-० असे हरवून त्याने युरोपियन चषक जिंकला. दोन्ही वेळा संघाचे कर्णधार मॅकगव्हर्न होते.

उत्तरायुष्य

१९८२मध्ये टेलर यांनी फॉरेस्ट सोडले. पुढच्या वर्षी एका खेळाडूच्या बदलीवरून दोघांत वितुष्ट आले. १९९०मध्ये टेलर यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांच्यात समेट झाला नव्हता. १९९३मध्ये फॉरेस्टची प्रथम श्रेणीतून घसरण झाली आणि क्लफ निवृत्त झाले. मद्यपानामुळे त्यांची प्रकृती ढासळली होती. २००३मध्ये त्यांच्यावर यकृत प्रत्यारोपण करण्यात आले. पुढील वर्षी पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

डर्बी आणि नॉटिंगहॅम यांना जोडणाऱ्या रस्त्याला क्लफ यांचे नाव देण्यात आले आहे. डर्बीच्या स्टेडियमबाहेर क्लफ आणि टेलर यांचा एकत्रित पुतळा आहे.