महात्मा जोतीराव फुले आणि शेताची माती

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर तुळजापूरच्या डोंगरांतून उतरणारा एखादा ओहोळ आपण पाहिला असेल. त्याचें पाणी गढूळ, तांबूस-काळें असतें. गतवर्षीं माझ्या वर्गांतील एका मुलानें तसलें पाणी कांचेच्या पेल्यांत भरून आणिलें व खिडकींत ठेविलें. दुसऱ्या दिवशीं वर निवळ पाणी आणि तळाशीं बोटाच्या पेराएवढा गाळ दिसला. ही माती कोणाची आणि ती कोठें चालली होती, असें त्यानें मला विचारिलें. तेरणेकांठची माती मांजरेंत व तेथून गोदावरींत जाते, नळदुर्गाकडील माती बोरी नदीच्या वाटेनें भीमेकडे जाते, एवढें मीं सांगितलें. परंतु ती कोणाची, या प्रश्नाचें उत्तर देतांना मला जोतीराव फुले यांची आठवण झाली. मुलींच्या शाळेच्या संबंधानें त्यांचें नांव आपणां सर्वांस पाठ आहे. मातीच्या संबंधानें तें क्वचितच कोणी घेतें.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालीं झाला. त्यांचें मूळ घराणें सातारा जिल्ह्यांतील कटगुण गांवचें, आडनांव गोऱ्हे. पुढें हें घराणें पुण्यास येऊन पेशव्यांस फुलें पुरवूं लागलें आणि धंद्यावरून फुले हें नांव पडलें. आई चिमणाबाई मूल वर्षाचें होण्यापूर्वींच वारली. वडील गोविंदराव यांनीं मुलास शाळेंत घातलें, पण थोड्याच काळांत काढून घेऊन मळ्याच्या कामास लाविलें. हीं मळ्यांतील वर्षें फुकट गेलीं, असें पुष्कळांस वाटेल; मला तसें वाटत नाहीं. पुढें गफार बेग मुनशी व लिजीट साहेब या दोघां शेजाऱ्यांनीं मुलाची बुद्धि ओळखून गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ सालीं जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले. तेथील शिक्षण त्यांनीं १८४७ सालीं पुरें केलें.

पुढील हकीकत आपणांस ठाऊक आहे. १८४८ सालीं भिडे यांच्या वाड्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढिली. त्या कामांत पत्नी सावित्रीबाई खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या व त्यापायीं उभयतांस घर सोडावें लागलें. १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला. परंतु संसार चालविण्यासाठीं हे गृहस्थ काय करीत, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. ते कंत्राटदार होते. पुण्याजवळ मुठा नदीवर धरण झालें, त्याच्या बांधकामास लागणारें सामान त्यांनीं पुरविलें. मांजरी येथें जमीन घेऊन शेतीही केली. धरण कसें बांधितात आणि पाणी शेतांत कसें मुरतें, हीं दोन्हीं त्यांनीं जवळून पाहिलीं होतीं.

मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. दक्षिणेंतील गांवेंच्या गांवें ओस पडलीं. धनकवडी येथें सत्यशोधक समाजानें अनाथ मुलांसाठीं अन्नछत्र चालविलें. तेथें जीं मुलें आलीं तीं शेतकऱ्यांचींच होतीं. दुष्काळ हा केवळ आभाळाचा कोप नव्हे, जमिनीची काळजी कोणी घेतली नाहीं म्हणून तो इतका जाळतो, अशी त्यांची खात्री याच काळांत झाली असावी, असें मला वाटतें. कारण पुढें सहा वर्षांनीं, १८८३ सालीं, त्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ लिहून पुरा केला. ग्रंथ छापून निघण्याची वाट न पाहतां जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी अशा गांवीं तो त्यांनीं लोकांस वाचून दाखविला. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनींही तो ऐकिला.

या ग्रंथांत मातीविषयीं जो विचार आहे तो साधा आहे, पण फार खोल आहे. डोंगरावर झाडझाडोरा असला म्हणजे त्याखालीं पाला, गवत, फुलें, मेलेले किडे, पाखरें व जनावरें कुजत पडतात. वळवाचा पाऊस त्यांचें सत्त्व धुऊन खालच्या शेतांत आणितो. शेतकऱ्यास हें खत फुकट मिळतें. डोंगर उघडा पडला कीं हें येणें बंद होतें. उलट शेतांतील जुनें सत्त्वही पाण्याबरोबर निघून जातें. शेत दिसावयास तेवढेंच राहतें, पीक मात्र वर्षानुवर्षें घटत जातें.

आज शास्त्रज्ञ जगांतील ज्या एका प्रकारच्या जमिनीविषयीं फार चिंता करितात, तिच्याशीं हा विचार ताडून पाहण्याजोगा आहे. ज्या मिशनच्या शाळेंत जोतीराव शिकले, त्याच्या मायदेशीं, स्कॉटलंडांत, थंड पाणथळ माळ आहेत. तेथें मेलेलें शेवाळ व गवत पाण्यांत बुडून राहतें, त्यास हवा लागत नाहीं व तें पुरतें कुजत नाहीं. वर्षाकांठीं सुमारें एक मिलिमीटर याप्रमाणें थर चढत चढत हजारों वर्षांत पुरुष-दोन पुरुष खोलीचा साठा होतो. यास पीट म्हणतात. तेथील गरीब लोक तें कापून, वाळवून चुलींत जाळीत. पृथ्वीवरील जमिनीचा अवघा शेंकडा ३ भाग असल्या पीटाचा आहे, तरी जगांतील साऱ्या अरण्यांच्या झाडांत मिळून नसेल इतका कार्बन त्यांत सांठला आहे. चर खणून पाणी काढून दिलें कीं पीट वाळतें, हवेंत विरतें, आणि पेटलें तर विझत नाहीं. इंडोनेशियांत १९९७ व २०१५ सालीं असल्या आगींचा धूर शेजारच्या देशांवरही पसरला होता.

आमच्या बालाघाटांत पीट होत नाहीं. येथें पाऊस थोडा आणि ऊन कडक. परंतु पाणी जेथें थांबतें तेथें वनस्पतींचें सत्त्व टिकतें आणि पाणी पळालें कीं तेंही पळतें, ही गोष्ट दोन्हीं ठिकाणीं सारखीच आहे.

जोतीरावांनीं उपायही सुचविले, आणि ते एका कंत्राटदाराला शोभतील असेच आहेत. सरकारनें आपल्या पलटणींतील शिपाई व जादा पोलीस यांजकडून जागोजाग ताली व बंधारे अशा रीतीनें घालवावेत, कीं पावसाचें पाणी आधीं शेतांत मुरावें व मग ओढ्यास मिळावें. तलाव-तळीं बांधावीं. विहिरींसाठीं पाणाड्यांकडून पाण्याचा शोध करवावा. नदीनाल्यांत व तलावांत सांठलेला गाळ शेतकऱ्यांस पूर्वींप्रमाणें फुकट नेऊं द्यावा. जंगलखात्यानें घेतलेलीं गायरानें गांवांस परत द्यावीं. या शेवटल्या मागणींत, माझ्या मतें, शेळ्यांविषयीं ते किंचित् हळवे झाले आहेत. आमच्या भूम-परांड्याकडील उघड्या टेकड्या पाहिल्या म्हणजे शेळीचें तोंड काय करूं शकतें तें समजतें. परंतु गरिबाचें सरपण व चारा बंद करून जंगल राखतां येत नाहीं, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हे.

त्या काळीं आपला जिल्हा निजामाच्या राज्यांत असल्यामुळें पुण्याच्या या ग्रंथाची दाद येथें लागण्याचा संभव नव्हता, आणि इंग्रज सरकारनेंही पलटणी बांधावर पाठविल्या नाहींत. गाळाची गोष्ट मात्र घडून आली, फार उशिरां. २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें धरणांतील गाळ काढून शेतांत टाकण्याची योजना सुरू केली.

१८८८ च्या मार्चमध्यें पुण्यास ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. निमंत्रित मंडळी जरीच्या पोषाखांत आली. जोतीराव शेतकऱ्याच्या फाटक्या वेषांत, खांद्यावर घोंगडी टाकून गेले आणि खरी रयत कशी राहते तें पाहुण्यांस त्यांनीं तेथेंच सांगितलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत मुंबईच्या लोकांनीं त्यांस महात्मा ही पदवी दिली आणि जुलैमध्यें अर्धांगवायूनें त्यांची उजवी बाजू लुळी पडली. तेव्हां त्यांनीं डाव्या हातांत लेखणी धरिली व 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पुरें केलें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. तें पुस्तक पुढल्या वर्षीं छापून निघालें.