कवितेवर 'छान' लिहिण्याआधी : मिर्झा गालिब यांची इस्लाह



मागच्या वर्षी सहावीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत वहीचं फाडलेलं पान माझ्या हातात ठेवलं. पावसावरची कविता होती. मी लाल पेनाने तीन ठिकाणचे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, खाली 'छान' लिहिलं, सही केली आणि पान परत दिलं. त्यानंतर त्याने मला एकही कविता दाखवली नाही. तो अजून लिहितो की नाही, हेही मला माहीत नाही.

तुमच्याकडेही अशी पानं येत असतील. म्हणून आज एका अशा माणसाचं चरित्र सांगते, ज्याला आपण सगळे शायर म्हणून ओळखतो. पण त्यांनी दुसऱ्यांच्या कविता तपासण्यातही आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली, आणि तीही बरीचशी टपालाने. मिर्झा असदुल्ला खाँ गालिब.

कविता तपासून देण्याला उर्दू-फारसीत इस्लाह म्हणतात. शागिर्द आपली गझल उस्तादाला दाखवतो. उस्ताद एखादा शब्द बदलतो, एखादा शेर खोडतो, कुठे खूण करून शाबासकी देतो. आपल्या वह्या तपासण्यासारखंच. फरक एवढाच की शागिर्द पुष्कळदा चाळिशीचा असायचा, आणि त्याला वाईट वाटायचं ते आपल्या सहावीतल्या मुलाइतकंच.

गालिब २७ डिसेंबर १७९७ रोजी आग्र्यात जन्मले. वडील लहानपणीच लढाईत गेले, मग सांभाळ करणारे काकाही गेले. तेराव्या वर्षी उमराव बेगमशी लग्न झालं आणि थोड्या काळात ते दिल्लीला आले ते कायमचे. सात मुलं झाली, एकही जगलं नाही. पेन्शनचा तंटा जन्मभर पुरला. हे सगळं तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल, त्यामुळे मी इथे थांबत नाही.

आपल्या विषयाचं आहे ते त्यांचं तरुणपणीचं लिखाण. बेदिल या अवघड फारसी कवीचा त्यांच्यावर फार प्रभाव होता. उर्दू शेरात फारसी शब्दांची अशी गर्दी असायची की क्रियापद तेवढं उर्दूत. लोकांना कळेना. दिल्लीच्या मुशायऱ्यांत त्यांच्या दुर्बोधपणाची उघड टिंगल झाली, ती टिंगलसुद्धा शेर रचून! यावर तरुण गालिब बदलले का? मुळीच नाही. आपण वर्गासमोर एखाद्या मुलाचं वाक्य वाचून हसतो तेव्हा मूल काय करतं? गप्प तरी होतं, नाहीतर हट्टाला पेटतं. हे पेटले.

बदल झाला तो एका मित्रामुळे. मौलवी फज्ल-ए-हक खैराबादी हे मोठे विद्वान, गालिबांच्या जवळचे. त्यांनी अशा शेरांवरून गालिबांना वारंवार टोकलं, असं गालिबांचे शिष्य आणि चरित्रकार हाली यांनी लिहून ठेवलं आहे. (हेच फज्ल-ए-हक १८५७ नंतर अंदमानात पाठवले गेले आणि तिथेच वारले.) मग गालिबांनी स्वतःच्या कवितेवर कात्री चालवली. १८४१ मध्ये त्यांचा उर्दू दीवान छापला गेला तेव्हा त्यात हजार-अकराशे शेर होते. त्यांनी गाळलेलं किती होतं, हे लोकांना १९२१ मध्ये कळलं. भोपाळला सापडलेलं त्यांचं जुनं हस्तलिखित तेव्हा छापून आलं.

टीका कशी नसावी, याचाही धडा त्यांना मिळाला. पेन्शनच्या कामासाठी ते १८२८ मध्ये कलकत्त्याला गेले. तिथल्या मुशायऱ्यात त्यांच्या एका फारसी शब्दप्रयोगावर आक्षेप निघाला. कारण काय, तर कतील नावाच्या लेखकाच्या नियमात तो बसत नाही. गालिब भडकले. कतील हा फरीदाबादचा खत्री, त्याला आपण प्रमाण मानत नाही, असं म्हणाले. वाद इतका चिघळला की शेवटी परक्या गावात पाहुणा आहे याची आठवण करून देणारी एक मसनवी त्यांना लिहावी लागली. माझ्या मते इथे दोन्ही बाजू चुकल्या. आक्षेप घेणाऱ्यांनी शेर बाजूला ठेवून नियम पुढे केला आणि यांनी माणसाची जात काढली.

पुढे ते स्वतः उस्ताद झाले. १८५४ मध्ये जौक वारले आणि बहादूरशहा जफर यांच्या गझला गालिबांकडे येऊ लागल्या. ते काम नोकरी म्हणून ते कसं भराभर उरकत, याचाही किस्सा हालींनी दिला आहे. (गठ्ठा तपासताना आपलं होतं तसंच!) त्याच वर्षी देशभर एकाच दराचं टपाल सुरू झालं. अर्ध्या आण्याच्या तिकिटावर गझल दिल्लीला पोचू लागली. सिकंदराबादहून मुन्शी हरगोपाल 'तफ्ता' पाठवत, रामपूरहून खुद्द नवाब पाठवत. मूळचे औरंगाबादचे, पुढे सुरतेत राहिलेले मियाँदाद खाँ 'सय्याह' हेही त्यांचेच शागिर्द.

यात तफ्ता सगळ्यांत लाडके. गालिब त्यांना प्रेमाने मिर्झा तफ्ता म्हणत. त्यांना लिहिलेली शंभराहून जास्त पत्रं आज उपलब्ध आहेत आणि शिक्षकाने ती वाचण्यासारखी आहेत. लाडका म्हणून सूट नाही. तफ्ता एखादा शब्द जुन्या मोठ्या कवीने वापरला आहे असा दाखला देत. एकदा हजीं या कवीचा दाखला आला, तर गालिबांनी लिहिलं की त्या ओळीत एक शब्द फालतू आहे, आणि ती ओळ साक्षात जिब्राईल या देवदूताची असती तरी तिचं अनुकरण करू नये. बघा, कलकत्त्यात त्यांना ग्रंथाचा धाक दाखवला गेला होता. इथे ते शिष्याला मोठ्या नावाच्या धाकातून सोडवतात, आणि तेही कारण सांगून.

तफ्तांच्या दीवानाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. त्यात कौतुक कमी पडलं म्हणून तफ्ता रुसले. गालिबांनी कळवलं की भाटासारखी स्तुती करणं आपल्याला जमत नाही. मैत्री टिकली. मला हे वाचून माझ्या त्या 'छान'ची आठवण झाली. तेही एक प्रकारचं भाटपणच, वर वेळ वाचवणारं.

आणि कौतुक करायची वेळ आली तेव्हा? पानिपतचा सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा घरातून निघून दिल्लीला आला होता. तोच पुढचा हाली. गालिबांनी त्याच्या रचना पाहिल्या आणि सांगितलं की मी सहसा कोणाला शायरी कर असं म्हणत नाही, पण तू केली नाहीस तर स्वतःच्या स्वभावावर अन्याय करशील. शाबासकी एकदाच, पण त्या मुलाला कळेल अशी. त्याच मुलाने १८९७ मध्ये गुरूचं चरित्र लिहिलं.

१८५७ ने सगळं विस्कटलं. धाकटा भाऊ गेला, पेन्शन बंद झाली, मित्र मारले गेले किंवा परागंदा झाले. गालिब स्वतःच्या कविता जपून ठेवत नसत. ज्या मित्रांनी जपल्या होत्या त्यांची ग्रंथालयं लुटली गेली. एका गोड गळ्याच्या फकिराने कुठूनशी त्यांचीच गझल लिहून घेतली होती. तो कागद पाहून त्यांना रडू आलं. त्या ओसाड दिल्लीत बोलायला माणूस उरलं नव्हतं. डाकवाला आला की तोच दिवसाचा पाहुणा. पाकिटातून कोणाची तरी गझल निघे आणि ते कलम घेऊन बसत. रामपूरच्या नवाबाकडून १८५९ पासून महिन्याला शंभर रुपये येऊ लागले. बाकी बहुतेकांचं काम ते नुसत्या स्नेहापोटी करत.

त्यांना संत समजू नका. १८६२ मध्ये 'बुरहान-ए-काते' या फारसी शब्दकोशातल्या चुका काढणारं पुस्तक त्यांनी छापलं, तेव्हा त्यांची भाषा फार बोचरी होती. उलट शिव्यांची पत्रं येऊ लागली. एका पत्रात आईवरून शिवी होती. ती वाचून ते म्हणाले की या गाढवाला शिवीही देता येत नाही, म्हाताऱ्याला आईवरून शिवी देऊन काय उपयोग! शिवीचीसुद्धा इस्लाह.

शेवटी डोळे आणि कान गेले, हात थरथरू लागला. यापुढे गझला पाठवू नयेत, तपासणं होत नाही, असं निवेदन त्यांनी वर्तमानपत्रात दिलं. तरी पाकिटं येतच राहिली. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी ते गेले. आदल्या दिवशी, शुद्ध येत-जात असताना, ते एका पत्राचं उत्तर सांगून लिहवून घेत होते. त्यानंतर काही आठवड्यांतच 'उर्दू-ए-मुअल्ला' हा त्यांच्या पत्रांचा संग्रह बाहेर आला. उर्दू लिपी येत नसेल तर देवनागरीतही ही पत्रं मिळतात. तफ्तांना लिहिलेल्या पत्रांपासून सुरुवात करा.

तो मुलगा आता सातवीत आहे. पावसाची ती कविता अजून त्याच्याकडे असेल तर मला पुन्हा वाचायला दे, असं मी त्याला सोमवारी सांगितलं आहे. त्याने अजून आणलेली नाही.