थांबण्यास नकार

मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजीं अमेरिकेंतील अटलांटा शहरीं एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. पुढें माँटगोमेरी येथें बसगाड्यांतील वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनीं ३८१ दिवस बहिष्कार चालविला. त्याचे नेते तेच होते. १९५९ सालीं ते भारतांत आले, तेव्हां मुंबईस गांधीजींच्या मणिभवनांत त्यांनीं मुक्काम केला.

१९६३ च्या एप्रिलांत बर्मिंगहॅम येथें मिरवणुकीवरील बंदी मोडून ते गुड फ्रायडेच्या दिवशीं तुरुंगांत गेले. तेथें एक वर्तमानपत्र हातीं आलें. आठ गौरवर्णीय धर्मगुरूंनीं त्यांत सबुरीचा उपदेश केला होता. हे गृहस्थ दुष्ट नव्हते. पण ज्याचें जळतें त्यालाच कळतें! किंगांनीं त्याच पत्राच्या कोऱ्या समासांत उत्तर लिहावयास घेतलें. करमणुकीच्या बागेंत काळ्या मुलांस मज्जाव कां, हें आपल्या सहा वर्षांच्या लेकीस सांगतांना बापाची जीभ कशी अडखळते, हेंहि त्यांत आहे.

मुलांना चळवळींत आणावें कीं नाहीं, याविषयीं ते स्वतः साशंक होते. तरी २ मे रोजीं हजारांवर मुलें शाळा सोडून गात गात निघालीं व त्यांतलीं शेंकडों कैदेंत गेलीं. दुसऱ्या दिवशीं पोलिसांनीं मोर्चावर कुत्रे व पाण्याचे मारे सोडले. १९६४ च्या कायद्यानें सार्वजनिक स्थळांतील भेद बेकायदा ठरला.

मेंफिस येथें सफाई कामगारांच्या संपास साहाय्य करावयास गेले असतां, ४ एप्रिल १९६८ रोजीं, वयाच्या ३९ व्या वर्षीं, गोळी लागून त्यांचा अंत झाला.