विश्लेषण : गणितज्ञ पास्कलच्या कोटात शिवलेला तो कागद कशाचा होता?

चक्रीवादळ किनाऱ्याकडे सरकू लागले की हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगितला जातो. जेसीबीचा हात ज्या तत्त्वावर उचलला जातो, तो नियमही पास्कलचाच. इंजिनीअरिंगच्या पुस्तकांत ब्लेझ पास्कल साधारण एवढाच भेटतो. पण १६६२ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी तो गेला, त्यानंतर काही दिवसांनी नोकराला त्याच्या कोटाच्या अस्तरात काहीतरी जाड हाताला लागले. शिवण उसवल्यावर आत घडी घातलेले चर्मपत्र आणि एक कागद निघाला. त्यावर ना गणित होते ना प्रयोग. आठ वर्षांपूर्वीच्या एका रात्री आपल्याला देव भेटला, याची ती नोंद होती.

पास्कल कोण होता?

जन्म १९ जून १६२३, फ्रान्समधील क्लेरमाँचा. तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील एतिएन कर अधिकारी आणि गणिताचे जाणकार. त्यांनी मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवले. सोळाव्या वर्षी त्याने शंकुच्छेदांवर निबंध लिहिला. वडिलांना रूआँमध्ये कराच्या हिशेबांचा डोंगर उपसावा लागे. ते पाहून १६४२ मध्ये त्याने बेरीज-वजाबाकी करणारे दातेरी चाकांचे यंत्र बनवायला घेतले. मनासारखे जमेपर्यंत सुमारे ५० नमुने केले! १६४८ मध्ये त्याच्या सांगण्यावरून मेहुणा पाऱ्याची नळी घेऊन प्वी द डोम या डोंगरावर चढला. उंचीवर पारा खाली उतरलेला दिसला आणि हवेच्या दाबाचा प्रश्न निकाली निघाला. १६५४ मध्ये फर्मा या गणितज्ञाशी त्याचा पत्रव्यवहार झाला. जुगाराचा डाव अर्धवट राहिला तर पैसे कसे वाटायचे, हा त्यातला प्रश्न. संभाव्यतेच्या गणिताचा पाया तिथे घातला गेला.

थोडक्यात, ज्याला पुरावा मागितल्याशिवाय चैन पडत नसे, असा हा माणूस.

धर्म त्याच्या आयुष्यात कुठून आला?

धर्म घरात होताच. १६४६ मध्ये वडील बर्फावरून घसरून पडले. हाड बसवायला आलेले दोघे भाऊ जान्सेनिस्ट विचारांचे होते. माणूस स्वतःच्या बळावर नाही, तर केवळ देवाच्या कृपेने तरतो, असे सांगणारा कॅथलिक पंथातलाच हा कडक प्रवाह. पास्कलने तो वाचला, पटवून घेतला, घरच्यांनाही पटवला. पण पटणे वेगळे.

त्याचा कस लागला धाकट्या बहिणीच्या बाबतीत. जाकलीनला पोर-रॉयालच्या मठात नन व्हायचे होते. १६५१ मध्ये वडील वारले आणि आता तीही निघाली, हे त्याला सोसवेना. त्याने विरोध केला. तिच्या वाट्याच्या पैशांवरूनही खळखळ केली. जानेवारी १६५२ मध्ये ती गेलीच. ज्या विचारांची वाट त्याने घराला दाखवली, त्यावर ती त्याच्याही पुढे गेली होती.

१६५४ च्या अखेरीस मात्र तोच वारंवार मठात तिला भेटायला जाऊ लागला. जगाचा वीट आला आहे, पण देवाकडेही ओढ वाटत नाही, अशी त्याची तक्रार होती. देव आहे की नाही, ही शंका नव्हती. माहीत असलेला देव ओळखीचा नव्हता, ही अडचण होती.

त्या रात्री काय घडले?

२३ नोव्हेंबर १६५४, सोमवार. रात्री सुमारे साडेदहा ते साडेबारा. प्रयोगवहीत लिहावी तशी त्याने तारीख आणि वेळ टिपली आहे. खाली एकच शब्द, अग्नी. मग तुटक ओळी : हा देव तत्त्वज्ञ-पंडितांचा नव्हे, अब्राहाम, इसहाक आणि याकोबाचा, तो येशू ख्रिस्ताचा देव. खात्री, आनंद, अश्रू. आपणच ख्रिस्ताला सोडून पळालो होतो, ही कबुली. पुन्हा कधी ताटातूट होऊ नये, ही विनवणी. हा मजकूर त्याने मरेपर्यंत अंगावर बाळगला. कोट बदलला की उसवून नव्या कोटात शिवायचा.

मग त्याने विज्ञान सोडले का?

असे सर्रास सांगितले जाते, पण ते पूर्ण खरे नाही. १६५८ मध्ये दाढदुखीने झोप येईना, तेव्हा तो फिरत्या चाकावरचा बिंदू जी कमान काढतो, तिचे गणित सोडवत बसला. फरक पडला तो कामाच्या दिशेत. पोर-रॉयालच्या बाजूने त्याने टोपणनावाने १८ पत्रे लिहून जेझुइट धर्मगुरूंची भंबेरी उडवली. रोमने ती बंदी घातलेल्या पुस्तकांच्या यादीत टाकली. ख्रिस्ती श्रद्धेचे समर्थन करणारा ग्रंथ मात्र अपुरा राहिला. त्याची टिपणे १६७० मध्ये ‘पाँसे’ या नावाने छापली गेली.

त्यातली देवावर पैज लावण्याची कल्पना सर्वाधिक गाजते. पण केवळ तेवढ्यावरून पास्कल समजून घेणे अन्यायाचे होईल. त्याचा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. माणूस खोलीत एकटा शांत बसू शकत नाही, म्हणून शिकार, जुगार, दरबार यांत मन रमवतो. देव कळला पण स्वतःची दैना कळली नाही, तर अहंकार येतो. दैना कळली पण देव नाही, तर निराशा. या दोहोंच्या मधे त्याला ख्रिस्त दिसतो.

शेवटची वर्षे कशी गेली?

जाकलीन ऑक्टोबर १६६१ मध्ये वारली. मार्च १६६२ मध्ये पास्कल आणि त्याच्या भागीदारांनी पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गांवर पाच सू भाड्यात घोडागाड्या सुरू केल्या. आजच्या सिटी बसचीच ही पणजी. त्या उत्पन्नातून ब्ल्वा भागातील गरिबांना मदत जावी, यासाठी तो धडपडला. घरी त्याने एका गरीब कुटुंबाला आसरा दिला होता. त्यातल्या मुलाला देवी आल्या. त्यांना हलवण्याऐवजी आजारी पास्कलच घर सोडून मोठी बहीण जिल्बेर्तकडे गेला. आपल्याला असाध्य रुग्णांच्या इस्पितळात न्यावे, गरिबांमध्येच मरू द्यावे, असा त्याने आग्रह धरला. डॉक्टरांनी परवानगी दिली नाही. १९ ऑगस्ट १६६२ रोजी बहिणीच्या घरीच त्याने प्राण सोडला.