डेव्हिड निव्हन : सैनिक आणि नट

गतवर्षी सातवीच्या वर्गात कोंढाण्याचा प्रसंग शिकवीत असता एका विद्यार्थ्याने मला विचारले की, चित्रपटात जे नट शौर्य गाजवितात त्यांच्या अंगी ते खरोखर असते काय? हल्ली मोबाइलमुळे साठ-साठ वर्षांपूर्वीचे युद्धपटही मुले घरबसल्या पाहतात, आणि ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ या चित्रपटाविषयी वर्गात जेवढी चर्चा होते तेवढी माझ्या पाठांविषयी होत नाही. त्या दिवशी मी काही तरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. पुढे मात्र तो प्रश्न मनास टोचत राहिला. त्याच चित्रपटातील एका नटाचे चरित्र येथे देत आहे, ते त्या विद्यार्थ्याचे राहिलेले देणे समजावे.

डेव्हिड निव्हनचा जन्म १ मार्च १९१० रोजी लंडन शहरी झाला. पाच वर्षांचा असतानाच तो पितृछत्रास मुकला. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या रणभूमीवर ऑगस्ट १९१५ मध्ये त्याचा पिता कामास आला. मुलगा हूड निघाला. खोड्यांपायी एका शाळेतून त्यास काढूनही टाकण्यात आले. अखेर १९२३ साली नव्यानेच निघालेल्या स्टो येथील शाळेत तो दाखल झाला, व तेथे त्यास रॉक्सबर्ग नावाचे मुख्याध्यापक लाभले. हे गृहस्थ मुलांस प्रौढ माणसांप्रमाणे सन्मानाने वागवीत आणि प्रत्येकास त्याच्या नावाने हाक मारीत. निव्हन त्यांस जन्मभर विसरला नाही. आम्हा शिक्षकांच्या वाट्यास कीर्ती थोडीच येते. आली तर ती अशा आडवाटेने येते.

पुढे सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात शिक्षण घेऊन १९३० साली तो हायलँड लाइट इन्फन्ट्री या पलटणीत अधिकारी झाला. माल्टा बेटावर दोन वर्षे कवायती करण्यात गेली. शांततेच्या काळातील फौजी आयुष्य त्यास निरस वाटू लागले व १९३३ साली त्याने राजीनामा दिला. एका सेनापतीचे लांबलेले व्याख्यान ऐकताना आपण उद्धटपणे वेळ विचारली, त्याबद्दल अटक झाली आणि खिडकीतून पळ काढला, अशी हकीकत त्याने पुढे आत्मचरित्रात रंगवून सांगितली आहे. त्याच्या गोष्टींस तिखटमीठ पुष्कळ असे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. मात्र या तिखटमिठाच्या माणसाने एका विषयावर पुढे कसे मौन धरले, तेच या चरित्राचे मर्म आहे.

अमेरिकेत जाऊन तो हॉलीवूडच्या दारी उभा राहिला. गर्दीतील बिनबोलत्या नटांच्या यादीत आपली नोंद अँग्लो-सॅक्सन चेहरा, क्रमांक २००८ अशी झाली होती, असे तो सांगे. हळूहळू बोलण्याच्या भूमिका मिळाल्या. १९३६ च्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ मध्ये व १९३८ च्या ‘द डॉन पॅट्रोल’ मध्ये त्याने सैनिकाचे सोंग घेतले, आणि नाव होऊ लागले.

इतक्यात सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. अमेरिकेतील ब्रिटिश नटांनी तेथेच राहावे, असा ब्रिटिश वकिलातीचा सल्ला होता. तो मानणाऱ्यांस कोणी दोष दिला नसता. निव्हनचे वय तेव्हा २९ वर्षांचे होते व नुकतीच कोठे कीर्ती हातास लागत होती. ती सर्व मागे टाकून तो स्वदेशी परतला आणि फेब्रुवारी १९४० मध्ये रायफल ब्रिगेडमध्ये लेफ्टनंट म्हणून रुजू झाला.

त्याच वर्षी डंकर्कच्या माघारीनंतर चर्चिल यांच्या प्रेरणेने ‘कमांडो’ पथके उभारण्यात आली. हा शब्द मूळचा दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांच्या घोडेस्वार टोळ्यांचा. मूठभर निवडक माणसांनी रात्री समुद्रमार्गे जाऊन शत्रूच्या किनाऱ्यावर छापा घालावा आणि उजाडण्यापूर्वी परतावे, ही त्यांची रीत होती. निव्हन स्वखुशीने त्यांत सामील झाला. पुढे त्याची नेमणूक ‘फँटम’ नावाच्या दळात झाली. आघाडीच्या अगदी पुढे राहून खरी परिस्थिती बिनतारी यंत्राने थेट मुख्य कचेरीस कळविणे, हे या दळाचे काम. त्यातील एका तुकडीचे नेतृत्व त्याजकडे होते. मध्यंतरी सरकारी परवानगीने त्याने दोन चित्रपटांत कामे केली. पैकी १९४४ च्या ‘द वे अहेड’ च्या लेखनात पीटर उस्तिनोव्ह याचा हात होता. पण तो पडला साधा शिपाई, व शिपायाने अधिकाऱ्यासोबत बसून काम कसे करावे? तेव्हा त्यास कागदोपत्री निव्हनचा खिजमतगार नेमण्यात आले! १९४४ साली नॉर्मंडीत दोस्त सैन्य उतरल्यावर थोड्याच दिवसांत निव्हनही फ्रान्सच्या भूमीवर दाखल झाला. युद्ध संपले तेव्हा तो लेफ्टनंट कर्नल होता, व अमेरिकेने त्यास ‘लीजन ऑफ मेरिट’ हे पदक दिले.

या सहा वर्षांविषयी तो जवळजवळ काहीच बोलला नाही. कारण त्याने एकदा सांगितले आहे. एका अमेरिकन कुटुंबाने युद्धात पडलेल्या आपल्या मुलाची कबर शोधण्याची त्यास विनंती केली होती. कबर सापडली, पण तिच्या सभोवती आणखी सत्तावीस हजार कबरी होत्या. त्या पाहून त्याने मनाशी निश्चय केला की, आपण तोंड मिटून राहावे. हॉलीवूडमधील आपल्या किरकोळ फजित्या दोन ग्रंथ भरून सांगणाऱ्या माणसाने रणभूमीच्या गोष्टी मात्र गिळून टाकल्या.

युद्धानंतर सुख लाभले असे नाही. १९४० साली ज्या प्रिम्यूलाशी त्याने विवाह केला ती १९४६ च्या मे महिन्यात, एका मित्राच्या घरी अंधारात लपंडाव खेळत असता जिन्यावरून पडून मरण पावली. पदरी दोन लहान मुले होती. १९४८ साली त्याने दुसरा विवाह केला. १९५६ साली ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ मधील फिलियस फॉग या भूमिकेने त्याचे दिवस पालटले, आणि १९५८ च्या ‘सेपरेट टेबल्स’ साठी त्यास उत्कृष्ट नटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. ही भूमिका होती एका तोतया मेजरची. न केलेल्या पराक्रमांच्या बढाया मारून पोकळ मान मिळविणाऱ्या माणसाची. खऱ्या कर्नलने खोटा मेजर रंगविला. माझ्या मते त्याच्या साऱ्या कामांत हेच श्रेष्ठ होय, जरी माझ्या विद्यार्थ्यांस ते कंटाळवाणे वाटेल.

त्यांना प्रिय आहे तो १९६१ चा ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’. ॲलिस्टर मॅक्लीन यांच्या १९५७ मधील कादंबरीवर तो बेतलेला आहे. नॅव्हरोन हे बेट काल्पनिक, पण चित्रण बरेचसे ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर झाले. कड्याच्या पोटात दोन प्रचंड तोफा, खाली समुद्र, त्या तोफांच्या माऱ्याखालून दोस्तांची जहाजे जाऊ शकत नाहीत. आणि त्या निकामी करावयास जाणार अवघी पाच-सहा माणसे. मालवणच्या धक्क्यावर उभे राहून सिंधुदुर्गाकडे पाहत वाढलेल्या मुलास पाण्यातील किल्ला व त्याच्या तोफा यांचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. रात्री कडा चढण्याचा प्रसंग आला की त्यास ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र आठवते. हेच आख्यान कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ या मूकपटात दाखविले होते. तेव्हा ही गोडी परदेशातून आलेली नाही.

तिचे कारण मला असे वाटते. मोठ्या सैन्याच्या लढाईत एकटा माणूस दिसेनासा होतो. छाप्याच्या कथेत मात्र प्रत्येकाचे एकेक कसब असते व त्यावाचून सर्वांचे अडते. एक गिर्यारोहक, एक यंत्रज्ञ, एक सुरुंग लावणारा. जो मुलगा गणितात मागे आहे तोही त्या पाच-सहांत आपली जागा शोधतो. निव्हनने यात कॉर्पोरल मिलर हा स्फोटकांचा जाणकार उभा केला. तो कुरकुरतो, बढती नाकारतो, ज्यांच्या शब्दाने माणसे मरतात त्यांस टोचून बोलतो, आणि आपले काम चोख करतो. पाण्यातील दृश्यांच्या वेळी ओठाच्या जखमेत विषार होऊन निव्हनच्या जिवावर बेतले होते. तरीही त्याने चित्रण पुरे केले.

आता आमच्या किनाऱ्याशी त्याचा संबंध सांगतो. मालवणहून दक्षिणेस वेंगुर्ले, तेरेखोल, पणजी ओलांडली की मुरगाव बंदर लागते. १९४३ साली गोवा पोर्तुगिजांकडे होता व पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता, म्हणून ‘एरेनफेल्स’ आदी जर्मन व्यापारी जहाजे तेथे आश्रयास पडून होती. त्यांतून गुप्त बिनतारी संदेश पाणबुड्यांस जातात असा ब्रिटिशांचा समज होता. तटस्थ बंदरात उघड सैन्य पाठविणे अशक्य! तेव्हा ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पथकातील १४ व ‘कलकत्ता स्कॉटिश’ मधील ४ गृहस्थ ‘फीबी’ नावाच्या जुनाट गाळकाढू नौकेतून आले. त्यांत व्यापारी व कचेऱ्यांतील माणसे होती, आणि पुष्कळांची उमेद सरलेली होती. ९ मार्च १९४३ च्या रात्री ते एरेनफेल्सवर चढले. तिचा कप्तान मारला गेला, व जर्मनांनी आपली जहाजे आपणच बुडविली. छाप्यातील माणसांस पदक मिळाले नाही, की त्याविषयी बोलण्याची मोकळीक मिळाली नाही. पथक १९४७ साली मोडले. १९७८ साली जेम्स लीसर यांच्या पुस्तकाने ही गोष्ट सर्वतोमुखी झाली.

तिच्यावरून ‘द सी वुल्व्हज’ हा चित्रपट गोव्यातच चित्रित होऊन १९८० साली निघाला. पथकाचे प्रमुख कर्नल ग्राइस यांचे काम निव्हनने केले. तेव्हा तो सत्तरीस टेकला होता. चित्रपट म्हणून त्यास मी फार वरचे स्थान देणार नाही. परंतु ज्यांना बोलण्याची मनाई होती अशा म्हाताऱ्या स्वयंसेवकांची भूमिका, स्वतः न बोलण्याचे ठरविलेल्या म्हाताऱ्या सैनिकाने केली, हे पाहताना माझे लक्ष कथेवरून उडून त्याच्या चेहऱ्याकडेच जाते.

त्यानंतर लवकरच स्नायू क्षीण करणाऱ्या एका असाध्य रोगाने त्यास गाठले. आरंभी वाणीच गेली. शेवटच्या चित्रपटांत त्याच्या संवादांस दुसऱ्या कलावंताचा आवाज द्यावा लागला. २९ जुलै १९८३ रोजी स्वित्झर्लंडमधील शातो-दे येथे तो निवर्तला व त्याच गावी त्यास मूठमाती देण्यात आली. अंत्यविधीस आलेल्या पुष्पचक्रांत एक लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील हमालांनी पाठविलेले होते. हा माणूस हमालालाही राजासारखे वागवीत असे, अशा अर्थाचा मजकूर त्यांनी सोबत लिहिला होता.